बावन्न मैल, समुद्री

कागदावर बावन्न मैल, समुद्री.
समुद्र कुठंच नाही, तरी मैल समुद्राचे.
श्रुती हुक्केरी हसली, म्हणाली, काका, पद्धत आहे तशी.
पट्टी ठेवून तिनं पेन्सिलीनं रेघ ओढली
सांबऱ्यापासून उजळाईवाडीपर्यंत,
आणि रेघेवर लिहिलं : तीस मिनिटं.

मी भरमा जोई. घारी उडवतो.
म्हणजे विमान यायच्या आधी
कुंपणाकडच्या गवतात फटाका लावतो
आणि कानात बोटं घालून आभाळ रिकामं होताना बघतो.
शाळा सातवीपर्यंत. पण तीस मिनिटं मला कळतात.
शनिवारचा बाजार असला तर
तेवढ्यात आमची बस स्टँडलासुद्धा पोचत नाही.

पुढं यमकनमर्डी, हत्तरगी, संकेश्वर,
तवंदीच्या घाटात कुणाचं तरी पोर ओकतं,
निपाणीत कंडक्टर चहाला उतरतो.
मग कोगनोळी.
कोगनोळीला रस्ता कधी असतो, कधी नसतो.
पाट्यांवर डांबर पडलं की
अलीकडच्या बसा अलीकडं, पलीकडच्या पलीकडं,
मधला तुकडा ज्याचा त्यानं चालायचा.

भागिर्थीच्या पोरीच्या बारशाला मी तसाच गेलो,
डोक्यावर रताळ्यांची पिशवी.
एका पोलिसानं कन्नडात विचारलं, मी कन्नडात सांगितलं.
पुढच्यानं मराठीत विचारलं, मी मराठीत सांगितलं.
पिशवी दोघांनीही उघडून बघितली.
पोचलो तोवर पाळणा झाला होता,
घुगऱ्याही वाटून संपल्या होत्या.

बहिणीचं घरही कुंपणाला लागूनच.
फोनवर बोलताना तिच्याकडं विमान आलं की ती थांबते,
माझ्याकडं आलं की मी.
तिचं हैदराबादला जातं, माझं बंगळुरूला,
एकाचंही नाक दुसऱ्या गावाकडं नाही.
एकदा दोन्ही एकदमच आली.
दोघं गप्प. फोन चालू.
इतका वेळ आम्ही एकत्र गप्प
आई गेली त्या रात्रीच बसलो होतो.

मार्चात श्रुतीची एकटीची लांब फेरी लागली.
मी विचारलं, एक रताळं नेशील?
तिनं वजनाचा तक्ता दाखवला. मग लाजली.
उतरायचं नाहीच काका,
चाकं टेकवायची आणि परत उचलायचं.

नऊ चाळीसला ते दोन सीटचं पांढरं विमान
सुताराच्या शेडवरून वळलं, उत्तरेला बारीक झालं.
मागोमाग एक घार आली. तिला फटाका लावला.
तीही उत्तरेलाच गेली.
दहा अकराला फोन.
'आलंय रे! पांढरं! पोरगी हात करूलीय बघ –'
मग आवाज. मग नुसता आवाज.
मग, 'गेलं.'

एकतीस मिनिटं. पेन्सिल एका मिनिटानं चुकली.

पावणेअकराला ते परत टेकलं.
पोरगी खाली उतरून हेल्मेट नसलेलं डोकं खाजवत होती,
मी चाकाशी वाकलो.
रबर. गरम.
खाचेत उजळाईवाडीचं म्हणावं असं काही नव्हतं.
तरी बोट फिरवलं.

संध्याकाळी भागिर्थी म्हणाली,
पुढच्या खेपेला सांग त्या पोरीला,
जरा जास्त वेळ टेकव म्हणावं.