मोजणी

यॉर्कशायरच्या पूर्व काठावर, जिथे रस्ता
बोलता बोलता वाक्य अर्धं सोडावं तसा तुटतो,
तिथे मी टपाल वाटतो.
आमच्या गल्लीत घरं सात नंबरापासून सुरू होतात.
एक ते चार मी यायच्या आधीच समुद्रात गेली,
पाच आणि सहा माझ्या देखत.
सहाची आधी बाग गेली, मग गॅरेज,
मग एका मंगळवारी मी विजेचं बिल घेऊन उभा
आणि दारच नाही.

बाबा मोजणी खात्यात होते.
साखळी, खुंट्या, खांद्यावर उन्हाने रापलेला पंचा.
हद्दीचा दगड हलवणाऱ्याला सात जन्म सुटका नाही, म्हणायचे.
हातभर बांधापायी सख्ख्या भावांत
कुऱ्हाड चाललेली त्यांनी पाहिली होती.
त्यांना मी कधीच सांगितलं नाही
की इथे दर हिवाळ्यात बांध स्वतःच उठून चालू लागतो
आणि कुणी कुणावर दावा लावत नाही.

सात नंबरात एडना स्टॅमर्स. वय त्र्याऐंशी.
शेड तीनदा मागे सरकवली,
कपडे वाळवायची दोरी किती वेळा, ते तिलाच ठाऊक.
रुबार्बचा गड्डा कुदळीने खणून काढते,
भाकरी मोडावी तसा मोडते,
चार पावलं आत नेऊन पुरते.
"एकाच जागी ठेवलं तर कुजकं होतं ते,"
एवढंच म्हणते, आणि पाठ धरून सरळ होते.
एक तुकडा मला दिला. माझ्याकडे वाढलाय.
पानं अळूसारखी, पण विषारी; खायचे ते देठ.
मी त्याचा मेथांबा करतो.
ती तो टोस्टला लावून खाते
आणि त्याला जॅम म्हणते. म्हणू दे.

काल गावाहून दादाचा मेसेज.
शेजाऱ्याने दीड फूट रेटलंय, सरकारी मोजणी लावलीय,
संमतीची सही पाठव.
पाठवली. का नाही पाठवायची?
दीड फूट म्हणजे इथला एक हिवाळासुद्धा नाही, हे लिहिलं नाही.
हेही नाही, की इथली तांबूस चिकणमाती
लाटांबरोबर दक्षिणेला जाते,
तिथे वाळूची एक लांब जीभ वाढत राहते,
सील येऊन तिच्यावर ऊन खातात.
तिचा सातबारा कुणाच्या नावावर नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला
एडनाच्या मागल्या दारापासून कड्यापर्यंत
मी पावलं मोजतो, ती दारावर खडूने आकडा लिहिते.
गेल्या महिन्यात एकेचाळीस.
रात्री वादळ झालं, कुंपणाचे दोन खांब गेले,
आणि आज भरली त्रेचाळीस.
"समुद्र मागे सरला की काय?" ती म्हणाली.
मी गुडघा चोळत उभा.
"पाऊल आखडलंय माझं."
तिने माझ्या बुटांकडे पाहिलं,
मग पाण्याकडे,
आणि जिभेने खडू ओला करून
त्रेचाळीसच लिहिलं.