जाऊ

तुझं पोट आज पुन्हा घासलं.
रामबागेच्या तोंडाशी तो गतिरोधक,
सिमेंट उरलं म्हणून कुणीतरी ओतून गेल्यासारखा.
तिरकी घेतली, श्वास धरून घेतली,
तरी तो आवाज,
तव्यावर उलथनं खरवडावं तसा,
माझ्याच बरगड्यांत झाला.

ऐक. राग धरू नकोस.
दिवसभर मी माणसं झोपवते,
दहापासून उलटे आकडे मोजायला लावते,
सातापर्यंत सहसा कुणी पोचत नाही.
रात्री साडेअकराला बायपासवर
मला जागं करणारी तूच.
तिसऱ्यातून चौथ्यात जाताना
पाठीत बसते ती थाप
मला कुणी कधी दिली नव्हती,
एम. डी. झाले तेव्हाही नाही.

पण परवा दादांना नेलं तुझ्यातून,
मोतीबिंदूच्या तपासणीला.
बसताना बसले. घसरलेच म्हण.
उतरताना मात्र मी, वॉचमन आणि समोरचा पोहेवाला,
तिघांनी मिळून काढलं त्यांना,
विहिरीत पडलेली कळशी काढावी तसं.
"कालिंदे, गाडी झकास आहे,"
दादा टोपी झटकत म्हणाले,
"फक्त हिला जमिनीची ओढ जरा जास्तच आहे."

वॉकर घडीचा आहे.
घडी केल्यावरही तुझ्या डिकीपेक्षा मोठा.

मग मी शिवणाच्या डब्यातली टेप पर्समध्ये टाकली
आणि ए. बी. रोडची तीन शोरूम पालथी घातली.
ते मला सनरूफ दाखवत होते,
मी गुडघ्यावर बसून
जमिनीपासून सीटची उंची मोजत होते.
"मॅडम, आकाश दिसतं यातून."
आकाश मला मान वर केली तरी दिसतं, भिया,
मला बावीस इंच हवेत,
दादांच्या जेवणाच्या खुर्चीइतके.

महूनाक्याच्या मागे, राठीच्या आवारात,
टायरांच्या ढिगाशेजारी ती उभी होती.
पांढरी व्हॅन, अकरा वर्षांची,
अंगावर शाळेचा पिवळा पट्टा पुसट.
दार सरकतं, तेही कुरकुरत.
मागच्या सीटवर पेनानं कोरलेलं:
गार्गी चीटर आहे.
राठी म्हणाला, कव्हर नवं टाकून देतो.
नको म्हटलं.
साडेएकवीस भरली.
अर्धा इंच मी सोडला.

तुझ्याशेजारी तिला लावली
तेव्हा तुझे दिवे जरा बारीक झाल्यासारखे वाटले.
सवत नाही गं. जाऊ म्हण हवं तर.
ती सिलिंडर आणेल, गव्हाची पोती, कुमुदमावशीचा तंबोरा,
दादांना दर मंगळवारी दवाखान्यात नेईल.
तुझ्या वाटणीला रात्र आहेच.

पण रात्रच मिळाली नाही.
ऑपरेशन, मग दर चार तासांनी थेंब,
तीन आठवडे तुला हात लागला नाही,
आणि आज किल्ली फिरवली तर
तू नुसती टक्‌ केलंस.
दोघींची बॉनेटं उघडली.
तांबडी वायर, काळी वायर,
एकीच्या चुलीतला निखारा
दुसरीनं पळीवर न्यावा तसं
म्हातारीनं तुला दिलं,
तू खाकरलीस, मग गरजलीस,
वैजयंतीताईंच्या गॅलरीतला दिवा लागला.

मागे वळले तर दादा,
हिरवा चष्मा, वॉकर, पायांत माझ्याच चपला.
मी व्हॅनचं दार सरकवलं.
त्यांनी मान हलवली, तुझ्याकडे बोट केलं.
"हिच्यात."
"दादा, उतरताना..."
"उतरायचं उद्या बघू. वॉचमन आहे, पोहेवाला येतोच सहाला.
जाऊ?"

वॉकर व्हॅनमध्ये ठेवला, तिचं दार लावलं.
बायपासवर, तिसऱ्यातून चौथ्यात.
ते काही बोलले नाहीत.
टोपी काढून मांडीवर ठेवली फक्त.