तांदळाचा डबा

शुक्रवारी कपडे धुताना फोन मोरीत पडला.
शमसुल म्हणाला, तांदळात पूर, दोन दिवस.
पुरला. बकाल्यातला पाच किलोचा डबा.

पहिल्या रात्री अंगठा
उशीवर आपोआप वर सरकत होता,
पालीच्या तुटलेल्या शेपटीसारखा.

दुसऱ्या रात्री कळलं,
शमसुल झोपेत आकडे मोजतो.
विटा की दिवस, विचारलं नाही.
एसी थांबला की
सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो,
थेट दाभोळच्या बंदरावरचा.

रविवारी पहाटे, बसच्या रांगेत,
सगळ्यांच्या हनुवट्या निळ्या,
माझीच मान वर.
आणि सूर्य चक्क समुद्रातून बाहेर आला!
आमच्याकडे तो तिथे बुडतो.
चार वर्षं झाली मला सोहारला.

संध्याकाळी फोन सुरू झाला.
मंदाकिनीला सूर्याचं सांगितलं.
फोटो पाठव ना, म्हणाली.
काढलाच नाही गं. सांगतो, ऐक.
ती ऐकत राहिली.
मागे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या,
तिसरी, चौथी,
तरी उठली नाही.

आता तो डब्यातच असतो.
भात लावायच्या वेळी बाहेर काढतो.
भात शिजेपर्यंत
बोलून होतं.