कानखुणा

कामानेनला डिसेंबरात सूर्य उगवत नाही,
म्हणून ती काळी पाटी मला परकी वाटली नाही.
बाहेर अंधार, पडद्यावर अंधार,
मध्ये एक पांढरी काडी
लुकलुकत, वाट बघत: बोल.

चौकट आयती मिळाली.
कुणा अनोळखी माणसांनी सुट्टीच्या दिवसांत बसून बांधलेली,
फुकट वाटलेली.
तिला एवढंच सांगायचं, आज्ञेचं नाव काय,
तिच्यामागून काय येईल,
काय आलं नाही तरी चालेल.
बाकीचं ती बघते. शब्द सुटे करते,
मदतीचं पान स्वतःच लिहिते,
चुकलं की लाल होते.

मी लिहिलं: शोध.
त्यापुढे डावा कान, मग उजवा.
टोक छाटलेलं, मागून दोन चिरे, पुढून एक खाच.
रेनडिअरच्या कानावर आमची माणसं
केव्हापासून हेच लिहीत आलीत,
थोडक्यात, सुरीने, क्रमाने.
क्रम उलटला की मालक बदलतो.

ओव्लामामाने ते पहिल्यांदा पाहिलं कोंडवाड्याशेजारच्या खोपटात,
हातमोजा दातांत धरून.
उणे एकोणतीस. लॅपटॉप इतका वेळ माझ्या कोटाच्या आत,
आजारी पिल्लासारखा.

"हे गरगरतंय काय?"
शोध चालू आहे हे कळावं म्हणून, म्हटलं. चौकटीतच येतं.
"काढ. काम करणारा माणूस गिरक्या घेत नाही."
काढलं.
"आणि एवढं लांब नाव? बोटं गोठलेली असताना?"
शोधचा नुसता श झाला.

मग त्याने एक खूण सांगितली, मुद्दाम चुकवून.
चौकट अदबीने म्हणाली:
अशी खूण नाही. तुम्हाला ही म्हणायची होती का?
आणि खाली बिरेत-कारेचं नाव.

मामा बोलेना.
शेगडीत लाकूड तडकलं.
"एका चिऱ्याचा फरक," तो शेवटी म्हणाला.
"त्या एका चिऱ्यापायी तिचा आजा आणि माझा आजा
अकरा वर्षं एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसले.
आणि हे सहज विचारतंय, ही का?"

मी समजावलं, ते अंतर मोजतं,
कमीत कमी किती अक्षरं बदलली की दुसरा शब्द होतो.
त्याच्या परीने मदतच करतं.

"जवळची खूण आपली नसते, पोरी.
शेजाऱ्याची असते."

त्या रात्री माहितीची पानं उपसत बसले.
रंग कसे द्यावेत यावर नऊ पानं,
आणि अगदी तळाशी, कुणाला लागेल असं न वाटून लिहिलेली
एक ओळ: अंदाज बंद करायचे असतील तर.

आता माहीत नसलं की ते म्हणतं, माहीत नाही,
आणि एक परत देतं.
सगळं ठीक असेल तर शून्य.
शून्याचं मामाला लगेच पटलं.
रानातून निरोप आला नाही
म्हणजे माणूस सुखरूप आहे, एवढं त्याला ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी एक पाडस आलं.
डावा कान कुरतडलेला, थंडीने की कोल्ह्याने, कुणास ठाऊक.
उरलं होतं तेवढं मी टाइप केलं.
माहीत नाही. एक.

मामाने मोजा काढून तो कान चाचपला,
पुन्हा चाचपला.
कुंपणापलीकडे बिरेत-कारे उभी, टोपीवर बर्फाची भुकटी.
दोघं पाडसाकडे बघत होते,
एकमेकांकडे नाही.

"सोड," ती म्हणाली. "कुठल्या आईमागे जातंय बघू."

फाटकाची कडी गोठली होती. ती उघडायला दोघं लागले.

मी लॅपटॉप कोटात सरकवला.
आत ती काडी अजून लुकलुकत होती, बोल, बोल.
पाडस थांबलं, हुंगलं, डावीकडे वळलं,
मग उगीचच
परत आलं.