उपक्रम क्रमांक सात

वरून कागद आलाय:
हवामान बदल. वयोगट तीन ते सहा. खेळातून.
साहित्य परिसरातलं, वेळ चाळीस मिनिटं,
फोटो त्याच दिवशी अपलोड करावा.

मखमलाबादच्या शिवेवर माझी अंगणवाडी.
एका भिंतीवर रंगवलेली फुलपाखरं,
दुसऱ्या भिंतीपलीकडे द्राक्षाचा मळा,
एप्रिलची खरड छाटणी होऊन बोडका झालेला.
पटावर एकवीस. आज हजर चौदा.

पहिला खेळ बरा जमला.
दोन पराती. एकीत मळ्यातली माती,
दुसरीत बांधकामावरून मागून आणलेलं सिमेंट, थापून वाळवलेलं.
मधोमध कणकेचे मारुती, दोन-दोन तोंडांचे,
मुलांनीच मळलेले: एक तोंड हसरं, एक झोपलेलं.
दोन्हीकडे एकेक तांब्या ओतला.
माती पाणी प्यायली, आणि ओजस म्हणतो, तिनं ढेकरही दिला.
सिमेंटवर मात्र
गुडघा! कंबर! छाती!
गोदेला पूर आला की अख्खं नाशिक हेच तर विचारतं,
दुतोंड्या कुठवर बुडाला?
भार्गवीनं त्याला उचलला, फ्रॉकला पुसला,
आणि खिडकीत ठेवला, उन्हात.

दुसरा खेळ सावलीचा:
अनवाणी निंबाखालून डांबरावर, डांबरावरून निंबाखाली.
तो मी मध्येच थांबवला.
पाचजणांकडे चपलाच नव्हत्या,
त्यांना आधीच माहीत होतं.

तिसरा गोधडीचा.
पृथ्वी कोण होणार, म्हटल्यावर
पहिला हात रेणुका गावितचा.
सुरगाण्याहून आलेली, चार वर्षांची,
एरवी खिचडी हवी का विचारलं तरी मान हलवते फक्त.
डोक्यावर निळी वाटी पालथी घालून
मांडी घालून बसली मधोमध.
मी ट्रक, घर्रर्र. एक गोधडी.
मी सातपूरची चिमणी, फूऽऽ. एक चादर.
मी जळता कचरा. मंदाताईंची शाल.
मी एसी, म्हणाला तन्वीर,
मामूकडे आहे, आत गार करतो, गल्लीत गरम फेकतो.
हे मला सुचलं नव्हतं. एक सतरंजी.

आता मी विचारायचं होतं, पृथ्वीला काय होतंय?
मुलांनी ओरडायचं होतं, गरम होतंय!
मग एकेक झाड यायचं
आणि एकेक पांघरूण उचलायचं.
असं कागदावर.

ढिगातून आवाज आला:
इथं अंधार आहे.

तेवढ्यानं चिमणी आत शिरली.
मागोमाग ट्रक, कचरा, एसी,
आणि झाडंसुद्धा, हातातल्या डहाळ्यांसकट.
अरे बाहेर या, गुदमराल, मी म्हणत राहिले.
आतून नुसतं खिदळणं.

मला मार्चमधल्या गारा आठवल्या.
पत्रा वाजायचा थांबला तशी हीच मुलं
वाट्या भरभरून धावत आली होती, ताई, खा ना.
भिंतीपलीकडे रेणुकाची आई
फुटलेले घड पाटीत भरत होती, अर्ध्या हजेरीवर.
तेव्हाही मी काहीतरी शिकवायला हवं होतं.
मी गार तोंडात टाकली.

सतरंजीचं टोक उचललं.
केस कपाळाला चिकटलेले, गाल लालबुंद,
रेणुका निळ्या वाटीनं
ट्रकला वारा घालत होती.

फोटो काढला. गोधड्यांचा डोंगर
आणि खालून बाहेर आलेले सत्तावीस पाय,
एक कुणीतरी आत ओढून घेतला होता.
ॲपनं परत पाठवला:
चेहरे दिसत नाहीत, पुन्हा प्रयत्न करा.

'मुले काय शिकली' या चौकटीत
पन्नास अक्षरं मावतात.
अजून कोरी आहे.
खिडकीत कणकेचा मारुती तडकलाय,
मुंग्यांनी आधी झोपलेलं तोंड खाल्लं.