शिडी

कुताइसीच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर त्सिआला पंधरा शब्द वाचतात,
दोन शब्दांमध्ये एक श्वास सोडून.
छत्री. बटण. नदी. डाळिंब.
शिडी. आत्या. कुलूप...
नुक्रीने आठवतील तेवढे सांगायचे,
क्रम चुकला तरी चालेल.

त्याने चार सांगितले.
त्यातला एक यादीत नव्हताच.

मी मागे, भिंतीशी, मांडीवर त्याचा कोट.
मला कुणी विचारलं नव्हतं
तरी पंधराच्या पंधरा आले मला,
आणि परतताना बसमध्ये वाटत राहिलं
की खिशात चोरीचं काहीतरी आहे.

आवाज गेले, असं आई सगळ्यांना सांगते.
खरंच गेले. गोळी लागू पडली.
भिंतीतून त्याला शिव्या घालणारा तो माणूस
गेल्या पानगळीत निघून गेला
आणि मामाने उभं राहून प्याला उचलला,
लांबलचक बोलला, आमच्याकडे बोलतात तसं,
पूर्वजांपासून सुरू करून.
नुक्री ऐकत होता.
मग नुसता मामाच्या ओठांकडे बघत होता.
मग टेबलावरच्या अक्रोडाच्या टरफलाकडे.

तो माणूस जाताना घरातलं काय काय घेऊन गेला
याची मोजदाद कुणी केली नाही.

पुलांचं शिकत होता माझा भाऊ.
कमान आपलाच भार कसा पेलते ते
पावाच्या तुकड्यांनी मांडून दाखवायचा.
आता पानाच्या तळाशी पोचेपर्यंत
पानाचं वरचं टोक हातून सुटतं,
पुन्हा वर जातो, पुन्हा खाली येतो,
आणि पुस्तक मिटून ठेवतो, हळूच,
झोपलेल्या मुलाला पांघरूण घालावं तसं.
आळशी झालाय, मामा म्हणतो.

कधीपासून? डॉक्टरांनी विचारलं.
मी आवाजांची तारीख सांगितली.
त्यांनी मान हलवली. त्याच्याही आधी, म्हणाल्या, आठव.

त्याच्याही आधी...
एकदा अक्रोड आणायला गेला होता बाजारात,
दोन तासांनी आला, रिकाम्या हाताने,
दारात उभा राहून म्हणाला, मी कशाला गेलो होतो?
आणि आम्ही हसलो.
पोट धरधरून हसलो आम्ही.

आता सकाळी तो शेर्मादिनच्या भट्टीवर जातो.
जमिनीतून वर आलेल्या रांजणासारखी भट्टी,
तिच्या तापल्या पोटाला आतून पीठ चिकटवायचं.
शेर्मादिनने भिंतीवर खडूने चित्रं काढलीत:
पोतं, पाणी, मीठ, हात.
लिहिलं नाही. लिहिलेलं लांब असतं, म्हणाला.

तरी एका बुधवारी मीठ राहिलं.
सत्तर पाव, सगळे अळणी.
शेर्मादिन ओरडला नाही.
त्याने एक मोडला, खाल्ला,
नुक्रीच्या हातात अर्धा दिला.
नुक्री चावत राहिला बराच वेळ
आणि म्हणाला, मी विसरलो ते हेच का?
हेच, म्हणाला शेर्मादिन.
सत्तर पाव अर्ध्या किमतीत गेले.
एका म्हातारीने तर दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं,
कालच्यासारखे आहेत का, माझं रक्त चढतं.

शुक्रवारी मी त्याला न्यायला गेले.
पिठाचं पोतं खांद्यावर, केस पांढरे,
अंगणाच्या मध्यावर तो थबकला
आणि मोठ्याने म्हणाला: शिडी.

कुठली शिडी, शेर्मादिनने विचारलं,
इकडेतिकडे बघत.

शब्द मंगळवारी विचारलेला.
तीन दिवस कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून,
दारं ठोठावत, पत्ता विचारत
तो चालत आला होता माझ्या भावापर्यंत.

डॉक्टरांच्या कागदावर
उशिरा आलेल्यांसाठी रकाना नाही.
मी पोत्याचं एक टोक धरलं.
अजून दहा आहेत, म्हणाले नाही मी त्याला.
तो दमला होता,
आणि खूश होता.