जोडाक्षराचा दर

खानापुरात, नंदगड रस्त्याला लागताना
निंगप्पा दगडावर नावं कोरतो.
अक्षराला चाळीस रुपये.
काना, मात्रा, वेलांटी फुकट.
जोडाक्षराला साठ,
"छिन्नी दोनदा फिरवाय लागती की ओ."

मी कागदावर लिहून नेलं होतं:
शांतवन यहेज्केल सातपुते, शिक्षक.
जन्माचं साल, मरणाचं साल,
मधली आडवी रेघ.
रेघेचे त्यानं पैसे लावले नाहीत.
"खाली काय घालू? आत्म्याला शांती?
सगळे तेच घालतात."

नको म्हटलं.
बाबांना ते वाक्य सोसत नसे.
शेजारच्या तेराव्याहून परतले
की पायरीवर चपला काढता काढता म्हणायचे,
अगं, आत्म्याला कसली अशांती?
फुंकर फुंकणाऱ्याकडे परत गेली.
तळमळतो तो जीव.

मी आठ वर्षांची असताना
रविवारच्या वर्गात विचारलं होतं,
जीव आणि आत्मा एकच ना?
त्यांनी आम्हा सात पोरांना उन्हातून
कुंभारवाड्यात नेलं.
मलप्रभेकाठचा गाळ चाकाशेजारी पडलेला,
त्यातला गोळा माझ्या एका हातावर ठेवला.
ही माती.
दुसऱ्या तळहातावर श्वास सोडला,
उष्ण, चहाचा वास असलेला.
हा आत्मा समज. उसना आहे.
आणि जीव?
ते माझ्याकडे बघत राहिले.
ही जी विचारतेय ना, ती.

पुढं भाषेनंच शिकवलं उरलेलं.
जीव लावता येतो.
आत्मा कुणी कुणाला लावल्याचं ऐकलं नाही.
जीव गुंततो, टांगणीला लागतो,
खालीवर होतो उशीर झालेल्या एसटीसाठी.
बाबांचा अडकला होता
पोरांच्या चुकणाऱ्या पाढ्यांत,
आईच्या गुडघ्यांत,
आणि देवळातल्या त्या पायपेटीत
जिचा भाता कुणाकडूनच नीट झाला नाही.

शेवटचे नऊ दिवस बेळगावच्या दवाखान्यात
हवा नळीतून मोजून आत जात होती.
रात्रीची नर्स दुसरीला म्हणाली, उसिर ऐति.
श्वास आहे.
बरोबर होतं तिचं, आकडा दिसत होता.
पण मी बाबा म्हटल्यावर
डाव्या भुवईपाशी जे हलायचं
ते हवेचं नव्हतं.

म्हणून भीती होती ती मधल्याची.
माती मातीत दिली, मी स्वतः तीन मुठी.
फुंकर गेली जिथली होती तिथं.
आणि तो?
चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधणारा,
भर उपासनेत पाळकांचं व्याकरण सुधारणारा,
तो कुणाच्या वाट्याला?
पाळक म्हणाले, देवाच्या हातून काही सांडत नाही.
उठवील तेव्हा सगळ्यासकट उठवील,
ह्या हाडांसकट.
मी मान हलवली.
मान हलवणं आणि विश्वास,
ह्यांच्या मध्येही एक आडवी रेघ असते.
तिच्यावर मी अजून उभी आहे.

निंगप्पानं विडी विझवली.
"मग जीव घालू का आत्मा?
जीव स्वस्त पडंल."
मला हसू आलं.
दफनानंतरचं पहिलं.

बाबा कधी जातो म्हणाले नाहीत.
आपल्यात कुणीच म्हणत नाही.
बाजाराला निघताना, शाळेला निघताना,
आणि त्या दिवशी, आत नेताना,
मास्कमध्ये वाफ धरत,
येतो.

एवढंच घाला, म्हटलं.
त्यानं बोटांवर मोजलं.
दोन अक्षरं, ऐंशी.
मात्रांचे नाहीत.
मग खडूनं आखण्याआधी
तो दगडावर वाकला
आणि वरची तांबडी धूळ
तोंडानं फुंकून काढली.